दोन ओळखीची माणसं

"कामं नको सांगूस मावशी, काय साधलंस ते सांग," भाची लॅपटॉपवर बोटं आपटत म्हणाली.

साधलं काय, डोंबल! सगळा जन्म हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेला. फोन उचलायचा, कोण हवंय विचारायचं, "एक मिनिट हं, जोडून देते" म्हणायचं आणि जोडून द्यायचं. गेल्या वर्षी तिथे मशीन बसवलं. आता कुणी गोड गळ्याची बाई रेकॉर्डवरून सांगते, तपासणीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा, ऑपरेटरसाठी शून्य दाबा. ऑपरेटर म्हणजे मी. मला घरी बसवलं, पण ते शून्य काढायचं कुणाला सुचलं नाही.

भाची हुशार. नोकरीच्या अर्जासाठी लिहिलेलं माझं तीन पानी रडगाणं तिने एका पानात बसवलं. आवडीनिवडी उडवल्या, 'प्रामाणिक व कष्टाळू'वर तर फुलीच मारली. "अगं, मी आळशी आणि लबाड आहे असं कोणी लिहितं का?" मग तिने खोदून खोदून विचारलं आणि मला बस उलटली तो दिवस आठवला. बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले होते, तरी एकाही नातेवाइकाला मी ताटकळत ठेवलं नव्हतं. तिने ते सगळ्यात वर घातलं. वाचून मला माझाच हेवा वाटला.

नोकरी डोळ्यांच्या दवाखान्यातली होती, फोन घेण्याचीच. पगारासाठी हवी होतीच, पण खरं सांगू? दिवसभरात कोणाशी तरी चार शब्द बोलता यावेत म्हणून हवी होती. एकटेपणाने जीव नकोसा झाला होता.

"आता दोन ओळखीच्या माणसांची नावं दे," भाची म्हणाली. "तुझ्याबद्दल सांगू शकतील अशी. नातेवाईक चालत नाहीत."

झालं! इथेच घोडं पेंड खात होतं. आमचे जुने साहेब वारले. डॉक्टरांना सगळ्यांना माझा आवाज ठाऊक, पण समोर जाऊन उभी राहिले तर "कोण पाहिजे?" म्हणतील. बोर्डावरची माझी जोडीदारीण परगावी लेकाकडे असते, तिचं नाव दिलं. दुसऱ्या नावासाठी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेले. कित्येक वर्षं आम्ही जिन्यात एकमेकींकडे बघून हसतो.

"सांगेन की, त्यात काय एवढं!" त्या तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाल्या. "पण ताई, तुमचं नाव काय हो?"

मी सांगितलं. मग त्यांचं विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं?

पुढच्या आठवड्यात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. एका बाईंनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "त्या आहेत का?"

"एक मिनिट हं, जोडून देते," मी म्हणाले.

म्हणाले आणि गारच पडले. हातात ओला टॉवेल, समोर रिकामी खोली. जोडून देणार कोणाला, कपाळ माझं! शेवटी म्हणाले, "मीच बोलतेय. इथे दुसरं कोणी नसतं."

त्या खळखळून हसल्या. दवाखान्याच्या डॉक्टरच होत्या. "तुम्ही दिलेला एक नंबर लागला नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, फारसं माहीत नाही, पण वरून कधी कोणाचा आवाज येत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "आत्ता जसं म्हणालात ना, तसं म्हणणारं माणूस मला हवंय. सोमवारपासून या."

फोन ठेवला आणि नाचावंसं वाटलं. भाचीला लावला, तर तिचा बंद. खाली धावले, तर शिवणवाल्या बाईंच्या दाराला कुलूप. एवढी मोठी बातमी घेऊन मी जिन्यात उभी. तोंडपाठ असलेला आणखी एकच नंबर होता, तो लावला.

"तपासणीसाठी एक दाबा," ती बया सुरू झाली.

"अगं, मला नोकरी लागली!" मी म्हणाले.

"बिलासाठी दोन दाबा."

मी शून्य दाबलं. घंटा वाजायला लागली. माझ्या बोर्डाची, माझ्या रिकाम्या खुर्चीसमोरची. तिथे कोणी नाही हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तरी जिन्याच्या पायरीवर बसून मी फोन कानाशी धरून ठेवला, आणि दर घंटेला वाटत राहिलं, आता मी उचलेन.