कोंबाकडचा तुकडा

नवीन वर्षाचा तिसरा दिवस. सकाळपासून फुमीचा एक पाय स्वयंपाकघरात, तर एक खिडकीशी. अकराला नर्स कांझाकीबाई येणार होत्या. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेल्या तिच्या नवऱ्याने, तामेओंनी, त्यांच्यासमोर ठसका न लागता घास गिळला, तर घरीच राहायचं. नाहीतर आजच परत इस्पितळ आणि नाकात नळी. पातळ काही दिलं की ते थेट श्वासनळीकडे जायचं.

त्यांच्या गावाकडे या दिवशी घरोघर रानकंद किसून, खाचांच्या मातीच्या भांड्यात घोटून भातावर घेतात. एरवी तामेओ घोटायचे आणि फुमी भांडं धरायची. यंदा उलट. लुळा हात मांडीवर टाकून त्यांनी धड हाताने भांडं दाबून धरलं होतं.

कंद झकास निघाला होता, कांझाकीबाईंसमोर हाच दाट घास भरवायचा होता. बत्ता उचलला की अख्खा गोळा वर येत होता. आता मासळीचं सार घालून जरासं सैल करायचं, एवढंच. घड्याळात साडेदहा झाले. फुमीने उकळतं पातेलं उचललं. तामेओंनी भांड्यावर थाप मारली.

"हलवू नका हो! सांडेल!" ती ओरडली आणि तिने भसकन ओतलं.

बघता बघता तार गेली. वर कण, खाली पाणी.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला हा माणूस दर वर्षी याच दिवशी तेच सांगायचा. साखरेच्या लांबलचक साखळ्या आणि प्रथिनं एकमेकांचा हात धरून बसतात, म्हणून हे असं दाट. तापवलं की प्रथिनं हात सोडतात. फुमी म्हणायची, "कळलं हो, भात वाढू का?" आज तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

"जन्माची... घाईबाई," तामेओ जड जिभेने म्हणाले.

"बोला, बोला! नळी तुमच्याच नाकात जाणारे!" म्हणता म्हणता तिचे डोळे भरले.

कंदाचा कोंबाकडचा तुकडा तेवढा उरला होता. तो भुशात ठेवून वसंतात पुन्हा लावायचा. तामेओंनी डोंगरातून आणलेला वेल वीस वर्षं असाच चालत आला होता. फुमीने तुकडा सोलायला घेतला. तामेओंनी नको म्हणून मान हलवली. तिने किसलाच.

आता सार निवायला हवं. तिने पातेलं अंगणातल्या बर्फात खुपसलं, बोट घालून पाहिलं, आत आली, पुन्हा बाहेर धावली. फाटक वाजलं. कांझाकीबाई बूट काढत होत्या, तरी ती चमचा चमचा सार घालून घोटतच होती. तामेओंचा हात भांड्यावरून हलला नाही.

पहिला चमचा. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. दुसरा. तिसरा.

"राहू द्या यांना घरी," कांझाकीबाई म्हणाल्या.

तामेओ रिकाम्या भांड्याकडे बघत होते. "वेल... संपवलास. पुढच्या वर्षी... काय खायचं?"

पुढचं वर्ष! दोन महिने फुमीने उद्याच्या पलीकडे पाहिलंच नव्हतं.

"डोंगरात जाऊन खणून आणा," ती म्हणाली. "एक पाय तरी धड आहे ना!"