हवेतली बुरशी

प्रयोगशाळेतल्या बाई सहसा कोणावर आवाज चढवत नसत. त्या दिवशी मात्र त्यांचं डोकंच सणकलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच खरडलेलं होतं: 'खोकला. थुंकी तपासा.' आजाराच्या माहितीचा रकाना नेहमीसारखा कोरडा ठणठणीत.

थुंकीची डबी घेऊन आलेली रुग्णाची बायको दारातच घुटमळत होती. "दोन महिने ह्यांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत, पण खोकला हटत नाही हो. बदललेली किडनी बिघडणार तर नाही ना त्या गोळ्यांनी?"

"किडनी बदललीय?" बाई ओरडल्याच. "मग हे चिठ्ठीवर लिहायला काय झालं होतं?"

नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून अशा माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतात. धडधाकट माणूस जी बुरशी श्वासाबरोबर रोज आत घेतो आणि पचवतो, ती अशा फुफ्फुसात बिऱ्हाड थाटते. बाईंनी ताजी थुंकी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फांद्या फुटलेले बुरशीचे धागे लख्ख दिसले. ताज्या थुंकीत इतके धागे, म्हणजे हे हवेतून पडलेलं नव्हतं, छातीतून आलेलं होतं.

त्यांनी नोंदवही चाळली. याच माणसाच्या थुंकीतले जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेटमध्ये आधी दोनदा बुरशी उगवली होती. दोन्ही वेळा शेरा तोच: 'हवेतली बुरशी. प्लेट टाकून दिली.' इथली रीतच ती. बुरशी दिसली की नाक मुरडायचं आणि प्लेट केरात. खाली सही बाईंचीच होती.

वही काखेत मारून त्या तरातरा वॉर्डात त्या चिठ्ठीवाल्या डॉक्टरांकडे गेल्या आणि थुंकीत बुरशी सापडल्याचं सांगितलं. मागोमाग ती बायकोही.

"बाई, बुरशी काय, पावालाही येते," डॉक्टर हसले.

"पावाची किडनी बदललेली नसते! चार शब्द लिहायला हात झिजतात का तुमचे? आजच्या आज छातीचा स्कॅन काढा आणि बुरशीचं औषध सुरू करा. माणूस हातचा जाईल!"

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी फोन उचलून स्कॅनची वेळ मागितली.

"म्हणजे टीबी नव्हताच," बायको हळूच म्हणाली. "मग आधीच्या दोन तपासण्यांत काय निघालं होतं?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची कानशिलं अजून तापलेली होती, पण आता तो राग काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"हेच निघालं होतं," बाई म्हणाल्या. "मी फेकून दिलं."