तापलेली मोटर आणि सुलोचनाची नजर

गोव्यातल्या पार्से गावच्या कापणी झालेल्या शेतात त्या रविवारी अख्खा वाडा लोटला होता. बांधाच्या मेरेवर माणसं, माडाखाली माणसं, कृष्णनाथच्या टेम्पोच्या टपावरसुद्धा माणसं! आणि सगळ्यांचे डोळे कशावर? तर मांजराएवढ्या एका रिमोटच्या गाडीवर. चढ चढून गाडी शेताच्या वरच्या कोपऱ्यात अडली होती. तिच्या पोटात लाल दिवा लुकलुकत होता आणि तिच्यासमोर मांडी ठोकून साईश महाराज गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवचारा, गावच्या राखणदारा! ह्या पोरांकडून कळत नकळत काय चुकलं असेल..."

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

"तुझी फ्रिक्वेन्सी आणि रिमोटची फ्रिक्वेन्सी एकमेकांत गुंतली असेल..."

"व्हय म्हाराजा!"

चंद्रावती बाईंना ठसकाच लागला. बाईंचा उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला. समोर गळा काढणाऱ्यांतले निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्यातल्या कुणाकुणाला आपण ढकलून पास केलं होतं, तेही त्यांना आता नीट आठवायला लागलं.

गाऱ्हाणं काही संपेना. नारळ झाला, जाड भाकरीचा रोट झाला, सोऱ्याची म्हणजे दारूची धार झाली. बायकांनी बसल्या जागी एक डुलकीही काढली. शेवटी महाराजांनी टाळी वाजवली, बाईंच्या भाच्याने, गौरेशने, रिमोटचा खटका ओढला आणि गाडी सुसाट सुटली. शिट्ट्या काय, टाळ्या काय, विचारू नका.

महाराजांनी माईक हातात घेतला. "आज सुटली. पण पुन्हा अडणार! ह्या कोपऱ्यात वाईट नजर आहे. मी कुणाचं नाव घेणार नाही. निखारे घेऊन जी बाई इथं बसते, तिनं काय ते ओळखावं."

आता निखारे घेऊन तिथं एकटी सुलोचनाच बसायची, कणसं भाजत. बिचारी सिंधुदुर्गातली. नवरा गोपाळ डिचोलीकडे खाणीचा ट्रक चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. झालं! जवळच्या बायांनी पोरांची तोंडं पदराखाली घेतली. गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष कृष्णनाथ. सुलोचना राहायची ती खोलीही त्याचीच. तो पुढे आला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "संध्याकाळच्या आत खोली खाली कर गो. वाड्याला त्रास नको."

"मी काय केलंय ओ?" सुलोचना पुढे झाली. "झिलाची, माझ्या पोराची, शाळा आसा हंय. मी आता खंय जाव?"

बाईंचं डोकं सणकलं.

"गौरेश, इकडे ये. अडलेल्या गाडीला कधी हात लावून बघितलास?"

"छे मावशी! महाराजांचा नियम आहे. देवचार गाडीत असताना हात लावायचा नाही."

"बरी सोय आहे. आणि ह्याच कोपऱ्यात का अडते?"

"चढ ना तो! वर माती भुसभुशीत, चाकं रुततात. त्यात शर्यतीत मांद्रेवाल्यांना हरवायचं म्हणून आम्ही वेगासाठी मोटरीचं दातेरी चाक मोठं बसवलंय."

"आणि महाराजांनी दिलेलं लाल फडकं कुठं बांधलंस?"

"मोटरीलाच, गच्च गुंडाळून. सगळ्यांनी बांधलंय. आधी गाड्या कधीतरी अडायच्या, फडकं बांधल्यापासून रोज अडतात. महाराज म्हणतात, देवचार आणखी चिडलाय."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे कर्मा! मे महिन्यात तुला कुणी घोंगडीत गुंडाळून डोंगर चढायला लावला तर तू तरी चढशील का?"

मग बाईंनी गौरेशला आणि कृष्णनाथला आपापली गाडी एकदमच सोडायला लावली. एकदा चढवली, दोनदा चढवली, आणि थोड्या वेळाने दोन्ही गाड्या त्याच कोपऱ्यात अडल्या. महाराज लगबगीने पुढे झाले, पण बाई त्यांच्याआधी पोचल्या होत्या. त्यांनी गौरेशच्या गाडीचं वरचं कवच काढलं, फडकं जरा सरकवलं, बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि उघड्या मोटरीवर चार थेंब झटकले. चर्र! लोक दोन पावलं मागे सरले.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "मोटर तव्यासारखी तापलीय, एवढंच. आता असं करू. एक गाडी महाराजांची, एक सुलोचनाची. महाराजांनी गाऱ्हाणं घालावं, सुलोचना नुसता वारा घालेल."

महाराज हसले. "ह्या बाईच्या नजरेखाली गाडी जन्मात सुटायची नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं ना? मग झालं तर."

बाईंनी गौरेशच्या गाडीचं फडकं पार सोडून फेकलं. सुलोचनाने निखाऱ्यांवरचा विंझणा उचलला. रोजच्या सवयीचं काम, थोड्याच वेळात विंझणा सपसप चालायला लागला. तिकडे महाराजांनी दुसऱ्या गाडीवर आणखी एक फडकं बांधलं, खाली धूप पेटवला आणि तार स्वरात सुरुवात केली. देवांची नावं घेता घेता महाराज घामाघूम झाले. मोटरीचं काय होत असेल, देव जाणे.

महाराज अर्ध्यावरही आले नव्हते, तोच सुलोचनासमोरचा लाल दिवा विझला. गौरेशने खटका ओढला. गाडी सुर्रकन निघाली, महाराजांच्या मांडीला वळसा घालून सोऱ्याच्या बाटलीवर आपटली. बाटली आडवी झाली.

"आता तुमची सोडा, महाराज!"

महाराजांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. गाडी ढिम्म!

"अमावास्या जवळ आलीय," महाराज पुटपुटले, "फ्रिक्वेन्सी मिळत नाही..."

"व्हय म्हाराजा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं शेत खदखदून हसलं. त्या हशातच महाराज स्कूटरला किक मारून पसार झाले.

"सुविधा," बाईंनी पुढे बसलेल्या शेजारणीला विचारलं, "खोबऱ्याचं वाटण वाटताना मिक्सर तापून बंद पडला तर काय करतेस?"

"थंड होऊ देते, बाई."

"देवचाराला रोट देतेस?"

सुविधा पदरात तोंड लपवून हसली.

"मग गाडीचंही तेच. चढ, भुसभुशीत माती, मोठं दातेरी चाक, वर फडकं. एवढा भार आणि वारा कुठून लागणार? फार तापलं की आतलं यंत्र स्वतःच वीज तोडतं, लाल दिवा लावतं. गाऱ्हाणं संपेपर्यंत सगळं आपोआप थंड होतं. म्हणून तर महाराजांचं गाऱ्हाणं एवढं लांबलचक! आणि कुणाच्या तरी गाडीची बॅटरी फुगली, ती महाराजांनी 'तेज भरलं' म्हणून देवचाराच्या घुमटीत दिव्याशेजारी ठेवायला लावलीय ना? आधी ती बाहेर काढून उघड्यावर वाळूत ठेवा. पेट घेतला तर घुमटीसकट जाल. आपल्या राखणदाराला गावाची राखण आहे रे, तुमच्या खेळण्यांत त्याला कशाला कोंबता?"

लोक हसत उठायला लागले. बाई मात्र हलल्या नाहीत.

"बसा. कृष्णनाथ, हिच्यावर आळ माईकवरून आला ना? मग चूकही माईकवरूनच कबूल करायची."

कृष्णनाथने माईक घेतला. शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा खाली बघतच तो म्हणाला, "सुलोचनाबाई, आमची चूक झाली. खोली तुमचीच आहे. माफ करा." त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

सुलोचनाने पदराने डोळे पुसले. "बाई, आज तुमी होतास. उद्या कोणाची गाय आटली, कोणाचा पोर तापला, तर परत माझ्याच दारात येतले मा?"

बाईंनी तिचा हात धरला आणि लोकांकडे वळल्या.

"हिला उत्तर द्या. गाय आटली तर गुरांच्या डॉक्टरकडे जाल, पोर तापलं तर दवाखान्यात, गाडी अडली तर मोटरीला हात लावून बघाल. माणसावर बोट कोण दाखवणार? तसा कुणी असेल त्याने आत्ताच हात वर करा."

एकही हात वर आला नाही.