आर्वोच्या शेजारची खुंटी

बाण सुटला त्याच क्षणी लेम्पीला कळलं की घोळ झाला. कोटाची जाड बाही दोरीला घासली होती. बाहीवर पट्टा बांधायचं तिने रात्री ठरवलं होतं, पण पहाटे उणे सोळा अंशांत कुणाला आठवतंय. वीस पावलांवरची हरणी दचकून उडाली, 'थप्' असा आवाज झाला, आणि देवदारांच्या गर्दीत शेपटीचं पांढरं तेवढं क्षणभर दिसलं. लेम्पीने घाईघाईने भात्यातून दुसरा बाण उपसला. मारायला समोर कुणी असायला तर हवं.

बाण सोडल्यावर मचाणावर अर्धा तास गप्प बसायचं असतं. जखमी जनावर जवळच आडवं होतं, मागे लागलं की जीव तोडून पळतं. हे लेम्पीने अख्ख्या गावाला ऐकवलेलं. स्वतः मात्र ती पाच मिनिटंही बसली नाही. सरळ खाली उतरली आणि हरणी होती तिथं जाऊन वाकली.

बर्फावर लालभडक तीन थेंब.

खिशातून नारिंगी फीत काढून तिने जवळच्या फांदीला बांधली. खुरांच्या मागाने दहा पावलं गेली, वाकली, पुन्हा रक्त. पुन्हा फीत. अशा सहा फिती झाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते गालावर गोठत होतं, आणि वरून बर्फ भुरभुरायला लागला होता. बोटं तर आपली आहेत की दुसऱ्या कुणाची, हेही कळेनासं झालेलं. तेव्हा कुठं तिला शहाणपण सुचलं. ती मागे फिरली, गाडीत बसली, उजवा हात लोकरी हातमोज्यात कोंबला आणि डाव्या हाताने कसाबसा दिराला फोन लावला.

"सुलो, नप्पीला घेऊन ये. मी एक हरणी जखमी केली."

तो एरवी दहा टोमणे मारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आज नुसतं "आलो वहिनी" म्हणाला.

तो गप्प का झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी आर्वोने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, अशीच एक हरणी जखमी केली आणि बर्फाने माग पुसला. तीन दिवस तो रान धुंडाळत होता. चौथ्या दिवशी त्याने धनुष्य सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगलं आणि मरेपर्यंत खाली काढलं नाही. "जखमी करून हरवलं त्याने पुन्हा दोरी ओढू नये," एवढंच म्हणाला. शेजारी दुसरी खुंटी लेम्पीची. तिनेही तेव्हा तोच नियम पाळायचा शब्द दिला होता. आर्वो गेल्यावर सुलोने नप्पी, हा रक्ताचा माग काढणारा कुत्रा, आणला. दादाच्या उपयोगी पडला नाही, निदान दुसऱ्या कुणाच्या तरी पडेल, असं त्याचं म्हणणं.

गाडीत बसून लेम्पीने आपल्या धनुष्याकडे पाहिलं. एकटीने घालवायच्या सकाळी, मचाण, थर्मासमधली कॉफी, सगळं आजपासून बंद. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त वाईट त्या हरणीचं वाटत होतं. कुठंतरी पडली असेल पोटात बाण घेऊन, आणि कोल्हे वाट बघत असतील. आपल्या आळसापायी. एक पट्टा बांधायला किती वेळ लागतो?

तासाभराने सुलो आला. नप्पी त्याच्या कोटाच्या गळ्यातून डोकं काढून बसलेला. वीतभर पायांचा लांबुडका कुत्रा, त्याला लाल स्वेटर.

"ह्याच्या पोटापर्यंत बर्फ आहे, सुलो. हा काय माग काढणार?"

"वहिनी, त्याच्या उंचीवर बोलू नकोस. त्याला राग येतो."

पहिल्या फितीपाशी सुलोने कुत्र्याला खाली ठेवलं. वरचा नवा बर्फ हलकेच फुंकला, खाली लाल दिसलं. नप्पीने नाक लावलं, फुर्रकन शिंकला आणि मालकाकडे असं बघितलं की जणू त्याचा अपमानच झालाय. दुसऱ्या फितीपाशी तेच. तिसरीपाशी तर तो गेलाच नाही. वळला, दोरी ताणत थेट वाकलेल्या लेम्पीकडे आला आणि तिच्या उजव्या हातमोज्याला नाक घासायला लागला.

"ह्याचं डोकं फिरलंय काय? खाऊ नाहीये माझ्याकडे."

सुलो फितीची गाठ निरखत होता. "वहिनी, ही गाठ लाल कशी?"

"रक्त लागलं असेल."

"कुणाचं? हरणी जाता जाता फितीला गाठी मारून गेली?"

लेम्पीने फीत ओढून गाठ डोळ्यांसमोर धरली.

"हातमोजा काढ," सुलो म्हणाला.

मोजा निघेना, आतून चिकटला होता. ओढून काढला तेव्हा तळहात लालेलाल, आणि अंगठ्यावर बाणाच्या पात्याने केलेली इंचभर चीर. दुसरा बाण उपसताना लागलेली. नेमबाजीचा हातमोजा तीनच बोटांचा, अंगठा उघडा, आणि थंडीने इतका बधिर की तिला पत्ताच नव्हता. जिथं जिथं ती वाकली, तिथं तिथं तिचंच रक्त ठिबकलं होतं.

"म्हणजे दोन तास मी माझ्याच मागावर होते?"

"आणि जखमीला दमवायचं नाही म्हणून गाडीत जाऊन बसलीस. ते मात्र बरोबर केलंस."

"थांब. बाण कुठंय? आवाज आला होता मला." बाण बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नव्हता. शोधायला फार लागलं नाही. हरणी उभी होती त्या जागेमागे एक पडका ओंडका होता, त्यात बाण चार बोटं रुतलेला. सुलोने सुरीने कोरून काढला. लेम्पीने पातं उजेडात धरलं, हुंगलं, दांडा पांढऱ्या रुमालाने पुसला. रुमाल पांढराच. एक केससुद्धा नाही.

तेव्हा ती मटकन बर्फातच बसली आणि रडली. मग हसली. नप्पी मांडीवर चढून तिचा अंगठा चाटायला लागला, तिने चाटू दिला.

घरी तिने कॉफी केली, वेलदोड्याचा गोड पाव कापला आणि नप्पीला सगळ्यात जाड तुकडा दिला. सुलोने अंगठ्याला पट्टी बांधली. मग तिचं धनुष्य उचलून तो सौनाकडे निघाला.

"आता अंगठा भरेपर्यंत हे दादाच्या शेजारी टांगतो."

"तिथं नको," लेम्पी म्हणाली. "दाराशी ठेव. दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठ्याचं काय काम? आणि जाण्याआधी तेवढा तो पट्टा बाहीवर शिवूनच दे. पहाटे लागेल."