चौदा दाते

कामिनी सकाळी सहाला सायकल घेऊन गेली, तेव्हापासून तोताराम सारखा रस्त्याकडे बघत होता. मोहाडीत हायवेला लागून त्याचं सायकलचं दुकान. बत्तीस वर्षं हात ग्रीसमध्ये गेलेले. पण आज एका पंक्चरला ठिगळ लावताना ते तीनदा निसटलं.

कामिनी त्याची एकुलती एक लेक. कॉलेजात शिकायची, शर्यतीची सायकल चालवायची. तिच्या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं. साध्या सायकलीवर उतार लागला की आपण पाय स्थिर ठेवून बसतो, चाक आपलं आपण पळतं. हिच्यावर तसं नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलबरोबर पाय. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावून तिला रोखायचं. पुढे एक ब्रेक होता, तोही तोतारामने हट्टाने बसवलेला.

सपाट रस्त्याला हे सगळं ठीक. पण तिच्या क्लबाने या रविवारी लळिंगचा घाट ठरवला.

"आप्पा, मागे किती दाते ठेवू?" शनिवारी तिने विचारलं. "चौदा की अठरा?"

मागच्या चाकाला दोन्ही अंगांना चकत्या होत्या, एकीकडे चौदा दात्यांची, दुसरीकडे अठराची. चाक काढून उलटं बसवलं की झालं. अठरावर चढ सोपा जातो, पण पाय फार भरभर फिरतात. चौदावर सायकल सपाटीला पळते, चढाला मात्र पायडल दबता दबत नाही.

"चौदा," तो म्हणाला.

"घाटाला?"

"मग? बत्तीस वर्षं मी इथं भजी तळतोय का?"

ती हसली. त्याने नट आवळले. तिने हात लावूनही पाहिलं नाही. बापाने आवळलेला नट ती कधी तपासत नसे.

तोतारामने मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. पहिल्याच वळणाला तिचं बळ संपेल, ती खाली उतरून परत फिरेल, असा त्याचा हिशेब. लळिंगचा उतार तिच्या वाट्याला येऊच नये. तीन वर्षांमागे तिची आई, कुंदाबाई, त्याच उतारावर अपघातात गेली होती. मोटारसायकल तोताराम चालवत होता.

सात वाजता पितांबर नाना चहा घेऊन आला. तीस वर्षं ट्रक चालवलेला म्हातारा. रोज सकाळी दुकानात येऊन बसायचा.

"पोर घाटले गयी का रे?"

"हो."

"मंग तू असा काबर बशेल शे? म्हैस मरी गयी का तुनी?"

तोतारामला कुणाला तरी सांगायचंच होतं. त्याने दात्यांचं सांगितलं. "चढणारच नाही नाना ती. येईल परत."

नाना हसला. मग हसता हसता थांबला आणि त्याने कप खाली ठेवला.

"आन चढी गयी तं?"

तोताराम पंक्चरचं ठिगळ पुन्हा दाबू लागला.

"ज्या गिअरमा चढनास त्याच गिअरमा उतर, हाई आमना उस्तादनी पहिल्या दिवशी शिकाडेल. टॉपमा गाडी रोखाती नही, भाऊ."

तोतारामने समोरचा पाना उचलून खिशात घातला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भीतीने त्याला चढापुरतंच दिसलं होतं. चढाला ज्या चकतीवर पाय हरतात, उताराला त्याच चकतीवर चाक रोखायलाही ते हरतात. आणि कामिनी परत फिरणाऱ्यातली नव्हती. हे बापाला माहीत नसेल तर कुणाला?

"नाना, तुमच्या मोटारसायकलची चावी द्या."

"तू? तीन साल झाये, गाडीले हात नही लावा तू. मी येस मांगे बसीसन."

"मागे कुणी नको," तो जवळजवळ ओरडलाच.

नानाच्या मोटारसायकलवर तो एकटाच निघाला. लळिंग गावाच्या पुढे चढ लागला, तेव्हा तो समोरून उतरणाऱ्यांकडेच बघत राहिला. क्लबातली पोरं सायकली मोकळ्या सोडून सूं सूं खाली येत होती. एक, दोन, पाच. त्यांच्यात ती नव्हती. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली आणि त्याने गाडी तिकडे वळवली. जवळ गेल्यावर कळलं, ट्रकचा टायर बदलत होते.

ती माथ्यावर सापडली. पाणी पिऊन हेल्मेटचा पट्टा लावत होती. तोंड लालबुंद.

"आप्पा! चढले मी! तुमचे चौदा दाते, जीव काढला हो! पण एकदाही पाय टेकला नाही."

"उतरू नको."

"आता काय इथंच घर बांधू?"

तो खाली बसला आणि खिशातला पाना काढून मागच्या चाकाचे नट सैल करू लागला. "अठरा लावतो. चौदावर तुला रोखता येणार नाही."

"मग काल..."

"मुद्दाम लावले. तू परत यावीस म्हणून."

रागाने तिचा आवाज चिरकला. "मी खाली जायला निघाले होते, आप्पा. आत्ता, या मिनिटाला."

"हो."

मग तिने आवाज खाली आणला. "आईच्या वेळी ब्रेक फेल झाला, त्यात तुमचा काय दोष? किती दिवस घाबरणार?"

हेच त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. चाक त्याच्या हातात होतं. ते त्याने खाली ठेवलं.

"ब्रेक फेल नव्हता झाला. मी गाडी बंद केली होती. पेट्रोल वाचतं म्हणून. इथं सगळेच करतात, न्यूट्रल करून सोडून देतात. ती मागून म्हणत होती, चालू करा, चालू करा. मी म्हटलं, काही होत नाही. बंद इंजिन गाडी रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर. तो तापला, मग धरेना."

मागून ट्रक जात राहिले. त्याने चाक उलटं करून बसवलं, चेन ताणली, नट आवळले आणि उठला.

ती खाली वाकली. त्याच्या हातातून पाना घेऊन तिने एक नट तपासला, मग दुसरा. मग चाक धरून दोनदा हलवून पाहिलं.

"तुम्ही माझ्या मागे राहा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गाडी चालू ठेवा. मला आवाज ऐकू आला पाहिजे."

त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पुढे उतार सुरू झाला आणि तिचे पाय फिरू लागले, इतके भरभर की त्याला ते बघवेनात, आणि नजर हटवताही येईना. इंजिन गुरगुरत होतं. कुंदाबाई गेली ते वळण आलं. क्लच दाबून गाडी मोकळी सोडायला जाणारी बोटं त्याने हँडलच्या मुठीवरच आवळून धरली आणि तो आवाज तसाच चालू ठेवला.