राखेनं घासलेले दंड

चैत तापला होता. पासलीच्या उतारावर राब भाजायचं काम चाललेलं. शेण, पालापाचोळा जळून भाताच्या रोपाची जागा काळी पडायची आणि धूर दिवसभर गावावर निजून राहायचा. त्या धुरातच आडावर भांडण पेटलं.

"आधी महारवाड्यात टोचलं, आन मग तीच सुई आमच्या लेकरास्नी! समदं गाव बाटवलं त्या नारायणरावानं!" पाटलीण फुलाबाई कडाडली.

नारायणराव भोरहून देवीची लस टोचायला आले होते. खालच्या वाटेला महारवाडा आधी लागतो, म्हणून त्यांनी आधी तिथल्या पोरांचे दंड टोचले, मग वर गावातल्यांचे. "फोड येईस्तोवर पाणी लावू नका," असं बजावून ते पुढच्या गावी गेले.

"सुई इस्तवात धरलीवती की त्येंनी," साळूबाई म्हणाली.

"इस्तवानं इटाळ जातुय व्हय? ऱ्हाऊ दे तुजा नातू तसाच. पर आडाला हात लावायचा न्हाई मग."

साळूबाईनं नातवाला पोटाशी ओढलं. थोरला नातू मागल्या साथीत देवीनं नेलेला. उरला एवढा सोनबा. पण आड तुटला तर त्याला पाजायचं काय? बायांनी राबाची राख घेतली आणि पोरांचे दंड घासघासून धुतले. साळूबाईनंही धुतला. सोनबा कळवळून रडला.

पायऱ्यांखाली ठकुबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. महारवाड्यानं आडावर चढायचं नाही. वरून कुणी ओतील तेव्हा पाणी. भांडणाच्या नादात त्या दिवशी कुणी ओतलंच नाही. तिच्या लेकीच्या, भिमीच्या दंडाला पाण्याचा थेंब शिवला नाही.

आठवड्यानं नारायणराव दंड बघायला परतले. तोवर पलीकडच्या खोऱ्यात देवी उतरली होती. तिथल्या दारांवर लिंबाचे डहाळे लागले होते, घराघरांतली फोडणी बंद झाली होती. चावडीपुढं एकेक दंड बघताना नारायणरावांचा चेहरा उतरत गेला. एकाही दंडावर फोड नव्हता.

"धुतले ना?"

बायांनी पोरांचे दंड पदराआड केले.

"पुन्यांदा टोचा की," चिमाजी पाटील म्हणाले.

"लस संपली, पाटील. नवी येईपर्यंत देवी थांबायची नाही." नारायणराव जरा घुटमळले. "महारवाड्यात मात्र धरलीय. ठकूच्या पोरीला टपोरा फोड आलाय. पूर्वी एका दंडाची लस दुसऱ्या दंडाला देत. तेवढी वाट आहे. पण तिच्या आईनं हो म्हटलं पाहिजे."

"तिच्या फोडाचं पानी आमच्या रगतात?" फुलाबाईनं पदर नाकाला लावला. माणसं पांगली.

साळूबाईनं सोनबाला कडेवर घेतलं आणि खालची वाट धरली. मागोमाग नारायणराव निघाले.

ठकुबाई दारातच होती. "लांबनं बोला, साळूमाय. पुन्ना राख लावावी लागंल."

"राख म्याच लावली गं. ह्याच हातानं."

"भ्यानं का इटाळानं?"

"भ्यानं. आता त्येच्याऊन मोटं भ्या हाय. पदर पसरते, ठके."

ठकुबाई भिमीच्या दंडाकडं बघत राहिली. "आमाला पानी मिळालं न्हाई, म्हून हिचा फोड ऱ्हायला. बगा, तुमचं सोवळं कुनाच्या कामी आलं!" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. मग तिनं हात पुढं केले. "आना त्याला हिकडं. माजी पोर दुकंल, पर तुमचं पोर जगंल."

दोन्ही लेकरं मांडीवर घेऊन ती डुलू लागली. सुई लागताना भिमी कण्हली, तशी तिनं ओवी धरली :

"देवीआई येती, बगंना उच्च-नीच
लेकरं समदी तिला, गं बाई, एकसारकीच"

सोनबा रडायचा थांबून तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

सांज कलली, तशा एकेक बाया कुंपणाआडून खाली उतरल्या. महारवाड्यातल्या फोड आलेल्या आणखी पोरांनी लस द्यायला दंड पुढं केले. शेवटी डोक्यावरून पदर ओढून फुलाबाईही धाकट्याला घेऊन आली आणि कडेला बसली. भिमीचा दंड सुजून लाल झाला होता.

या खेपेला कुणी राखेला हात लावला नाही.

पुढल्या आठवड्यात ठकुबाई घागर घेऊन आडावर आली आणि पायऱ्यांखाली थांबली. साळूबाई भरला पोहरा घेऊन तिच्यापाशी उतरली.

"लांबनं ओत गं, साळू," फुलाबाई वरून म्हणाली.

फुलाबाईच्या कडेवरच्या पोराच्या दंडावर भिमीचा फोड टपोरला होता.