केझियाने मान हलवली

मुलांनो, जरा कल्पना करा. पत्र्याच्या छपराखाली, लाल वाळूत तुम्ही मांडी ठोकून बसला आहात, आणि समोर बारा वर्षांची टालिया हातातला कागद वाचून दाखवते आहे.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, "कसं झालं, जाजा?"

त्या वाळवंटातल्या गावात आईच्या आईला जाजा म्हणतात आणि तीही नातीला जाजाच म्हणते.

"इंग्रजी झकास," लोर्ना आजी चहा ढवळत म्हणाली. "पण पाणवठ्याची गोष्ट कोणाला विचारून घातलीस, जाजा?"

"विचारायचं काय त्यात? पाणवठा बाबांचा, म्हणजे माझाच."



दुपारी शहरातून शिक्षण खात्याच्या बाई येणार होत्या. गावच्या शाळेत सकाळचा पहिला तास गावाच्या स्वतःच्या भाषेत भरे. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्या ठरवणार होत्या. तीस वर्षं तो तास लोर्नाच घेत आली होती. टालिया शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेतून सुट्टीवर आलेली, चार बक्षिसं मिळवलेली. गावाची बाजू तिनेच मांडावी, असं मोठ्यांनी ठरवलं होतं.

बाई आल्या, खुर्च्या मांडल्या गेल्या. टालिया उभी राहिली आणि घडाघडा वाचू लागली. बाई कौतुकाने ऐकत होत्या.

"आमच्या पाणवठ्यावर दोन टिटव्या पूर्वेकडून आल्या..."

सगळ्या म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या. कोणी वाळूत बोट फिरवू लागलं, कोणी उगाच खोकलं.

लोर्नाच्या ओठांवर शब्द आला होता, तो तिने गिळला. तो पाणवठा तिचा नव्हता. ज्याच्या बापाची जमीन, तो मालक. ज्याच्या आईची, तो राखणदार. मालकाने गोष्ट सांगायची आणि राखणदाराने शेजारी बसून चूक की बरोबर ते सांगायचं. राखणदाराशिवाय मालकाने तोंड उघडायचं नसतं. म्हणजे या पाणवठ्याची राखणदार टालियाच्या आत्याची मुलं; थोरली मुलं आजारी आत्याजवळ तालुक्याच्या इस्पितळात होती. मागे उरली होती धाकटी, सात वर्षांची केझिया. ती कोपऱ्यात बसून भाजलेलं कांगारूचं शेपूट चोखत होती.

"वाच ना, छान चाललंय," टालिया अडखळली तशा बाई म्हणाल्या.

टालियाने खाली गेलेल्या माना पाहिल्या आणि तिला आजीचा प्रश्न आठवला. मग ती सगळ्या खुर्च्या ओलांडून गेली आणि केझियासमोर वाळूत बसली.

"टिटव्या पूर्वेकडून आल्या ना गं?" तिने आपल्या भाषेत विचारलं.

"दक्षिणेकडून," केझिया बोटं चाटत म्हणाली. "एवढंही येत नाही? मग बक्षिसं कसली दिली तुला? जेवण संपवल्याची?"

म्हातारे पोट धरून हसले. खाली गेलेल्या माना वर आल्या.

"काय चाललंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"सकाळचा तास," लोर्ना म्हणाली. "आज दुपारी भरलाय."

टालियाने केझियाचा तेलकट हात धरून तिला पुढे आणलं आणि रिकाम्या खुर्चीवर उभं केलं. मग म्हणाली, "दक्षिणेकडून दोन टिटव्या आल्या," आणि केझियाने मान हलवेपर्यंत पुढचा शब्द उच्चारला नाही.